बँकॉक विमानतळावरून शहरात कसं जायचं? रेल्वे, टॅक्सी, अ‍ॅप आणि बस

मुंबई ते बँकॉक विमानप्रवास साधारण चार-साडेचार तासांचा, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे संध्याकाळी सहाला निघालात तर तिथल्या मध्यरात्रीच्या आसपास उतरता, आणि नेमकी त्याच सुमारास विमानतळाची रेल्वे बंद होते. त्यामुळे 'सगळ्यात स्वस्त काय?' हा प्रश्न नंतरचा. आधी तीन गोष्टी बघा: कुठल्या विमानतळावर उतरताय, किती वाजता, आणि हॉटेल मेट्रोच्या जवळ आहे का.

आधी विमानतळ ओळखा

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर 'बीकेके' असेल तर २००६ साली सुरू झालेला सुवर्णभूमी. नाव आपल्याला ओळखीचं वाटतं, पण थाई लोक त्याचा उच्चार 'सुवन्नपूम' असा करतात. 'डीएमके' असेल तर जुना डॉन मुआंग. एअर एशिया, थाई लायन एअर यांसारख्या स्वस्त कंपन्यांची विमानं इथे येतात. दोन्ही विमानतळ शहराच्या वेगवेगळ्या दिशांना आहेत, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला लागू होत नाही.

सुवर्णभूमीहून रेल्वे

एअरपोर्ट रेल लिंक २०१० मध्ये सुरू झाली. स्टेशन टर्मिनलच्या तळघरात आहे. एकूण ८ स्टेशनं, भाडं अंतरानुसार १५ ते ४५ बाहत, आणि शेवटच्या फाया थाई स्टेशनपर्यंत साधारण अर्धा तास. (एक बाहत म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन रुपये.) गाड्या पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालतात.

उतरायचं कुठे हे हॉटेलवर ठरतं:

- मक्कासान: इथून चालत जाऊन एमआरटी ब्लू लाइनचं फेचबुरी स्टेशन गाठता येतं.
- फाया थाई: इथून बीटीएस स्कायट्रेनची सुखुमवित लाइन मिळते. सियाम, असोक, नाना या भागांसाठी सोयीचं.

कार्ड कुठे चालतं?

एमआरटी आणि बीटीएस या दोन्ही मेट्रोच, पण चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि तिकीट यंत्रणाही वेगळी. एमआरटीच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टेकवता येतं. बीटीएसचं स्वतःचं 'रॅबिट' कार्ड आहे. ते घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. दोन-चारच फेऱ्या असतील तर सुटं तिकीट काढलेलं बरं.

एमआरटीत कार्ड टेकवताना एक काळजी घ्या. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना प्लास्टिकचं कार्ड, असं करू नका. फोनमधल्या पेमेंटला मूळ कार्ड नंबरऐवजी वेगळा टोकन नंबर मिळतो. त्यामुळे कार्ड एकच असलं तरी गेटच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवासी ठरतात. तसंच एका कार्डावर दोघांना जाता येत नाही.

मीटर टॅक्सी

सुवर्णभूमीत पहिल्या मजल्यावर टॅक्सीची यंत्रं आहेत. चिठ्ठी घ्यायची, त्यावरच्या क्रमांकाच्या लेनमध्ये जायचं. चिठ्ठी टाकून देऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. मीटर ३५ बाहतपासून सुरू होतं, मोठ्या गाडीचं थोडं जास्त. त्यावर ५० बाहत विमानतळ शुल्क, आणि एक्स्प्रेसवेने गेलात तर टोल आपला.

मीटर फक्त अंतर मोजत नाही. गाडीचा वेग ताशी ६ किलोमीटरच्या खाली गेला की मिनिटाप्रमाणे पैसे वाढतात. म्हणून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये टोल वाचवणं बहुतेक वेळा महागात पडतं. बाहेर पडताना हॉलमध्येच 'टॅक्सी? टॅक्सी?' म्हणत कुणी जवळ आलं तर सरळ पुढे चला.

ग्रॅब आणि बोल्ट

इथे उबर शोधू नका. २०१८ मध्ये उबरने आग्नेय आशियातला व्यवसाय ग्रॅबला विकला. ग्रॅब, बोल्टमध्ये भाडं आधीच दिसतं, पण मागणी वाढली की तेही वाढतं. टोल बहुतेक वेळा वेगळा द्यावा लागतो. घासाघीस नाही आणि पत्ता समजावत बसावं लागत नाही, हा खरा फायदा.

डॉन मुआंगहून

२०२१ पासून इथे रेड लाइन रेल्वे आहे. टर्मिनलमधून पादचारी पुलाने स्टेशनवर जाता येतं. ती क्रुंग थेप अफिवत या मोठ्या टर्मिनसला पोचवते, तिथे एमआरटी ब्लू लाइन मिळते. दुसरा सोपा पर्याय ए१ बस: ३० बाहतमध्ये मो चित बीटीएस स्टेशन. खाओ सान रोडच्या बाजूला जायचं असेल तर ए४ बस बघा.

निघण्याआधी भारतातच करायची कामं

1. ग्रॅबचं खातं उघडून नंबर पडताळून घ्या. ओटीपी तुमच्या भारतीय सिमवर येतो. तिथे उतरून सिम बदललं आणि रोमिंग बंद असलं, की अ‍ॅप हातात असूनही अडकाल.
2. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस वापर चालू करा. आरबीआयच्या नियमांमुळे २०२० पासून नव्या कार्डांवर या सोयी सुरुवातीला बंद असतात.
3. हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत, फोन नंबरसह, स्क्रीनशॉट काढून ठेवा. इंग्रजी पत्ता प्रत्येक ड्रायव्हरला वाचता येईलच असं नाही.
4. गुगल मॅप्समध्ये बँकॉकचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या.
5. थोडे सुटे बाहत जवळ असू द्या. टॅक्सी, बस, टोल, सगळीकडे रोख लागतेच. यूपीआयच्या भरवशावर निघू नका.

थोडक्यात

- दिवसा, एकटे, सामान कमी: रेल्वे.
- तिघं-चौघं, मोठ्या बॅगा: टॅक्सी. माणशी हिशोब केला तर फरक फारसा उरत नाही.
- आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत: टॅक्सी किंवा ग्रॅब. रेल्वे बदलताना जिने आणि चालणं दोन्ही आलं.
- संध्याकाळी पाच ते आठ: मेट्रोजवळ हॉटेल असेल तर रेल्वेच. रस्त्यावर तास-दीड तास जाऊ शकतो.
- मध्यरात्रीनंतर: मीटर टॅक्सी हा मुख्य पर्याय, ग्रॅब राखीव.