उशिरा बोलणारी बालके (वर्धा जिल्हा)

उशिरा बोलणारी बालके : साधारण दीड ते तीन वर्षे वयाची, वयाच्या मानाने फार कमी बोलणारी मुले. दोन वर्षे पूर्ण झाली तरी मूल पन्नासच्या आत शब्द वापरत असेल किंवा दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर त्याचे बोलणे मागे आहे असे वैद्यकात धरले जाते. हे केवळ निरीक्षण होय, निदान नव्हे. त्यामागे श्रवणदोष, स्वमग्नता किंवा एकूण विकासातील मागेपणा असू शकतो. पुष्कळदा यांपैकी काहीच नसते आणि मूल पुढे आपोआप बोलू लागते. सुरुवातीला ही सर्व मुले वरवर सारखीच दिसतात, त्यामुळे तपासणीवाचून त्यांतला फरक कळत नाही. म्हणून आईवडिलांच्या मनात येणारी शंका हीच पहिली चाळणी मानावी आणि तिची दखल घ्यावी, असे बालविकासतज्ज्ञ सांगतात.

वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३,००,७७४ होती व तिचा मोठा भाग खेड्यांत राहतो. तेथे मुलाच्या बोलण्याबद्दलची शंका बहुधा प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे, मग अंगणवाडी सेविका किंवा आशा यांच्यापुढे आणि त्यानंतरच डॉक्टरांपुढे मांडली जाते. या पहिल्या दोन पायऱ्यांवर काय सांगितले जाते, यावर मुलाचे पुष्कळ महिने वाचणे किंवा वाया जाणे अवलंबून असते.

वाढीचे टप्पे : तान्हे मूल दोन-तीन महिन्यांचे झाले की हुंकार देते. सहा-सात महिन्यांपासून ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी अक्षरांची माळ लावते. नऊ-दहा महिन्यांचे झाले की नावाने हाक मारल्यावर वळून पाहते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवणे सुरू होते. दीड वर्षाला दहाएक शब्द, दोन वर्षांना पन्नास शब्द व ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी जोडणी, तीन वर्षांना छोटी वाक्ये, असा साधारण क्रम आहे.

शब्द मोजताना उच्चाराची शुद्धता पाहायची नसते. मूल पाण्याला दर वेळी ‘मम्’ आणि कुत्र्याला ‘भू’ म्हणत असेल, तर ते दोन शब्द झाले. र, ळ, ण यांसारखे वर्ण मुलांना उशिरा जमतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाचे बोबडे बोलणे आणि दोन वर्षांच्या मुलाचे न बोलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अडखळत बोलणे, म्हणजे तोतरेपणा, हाही वेगळा विषय आहे. शब्दांइतकेच महत्त्व समजण्याला असते. ‘चप्पल आण’ म्हटल्यावर खूण न करताही जे मूल चप्पल आणते आणि बोट दाखवून, हात ओढून आपले म्हणणे पोचवते, त्याच्याबद्दल आशा अधिक धरता येते.

पालकांची काळजी व घरातल्या समजुती : शेजारचे त्याच वयाचे मूल गोष्टी सांगू लागले की आईच्या मनातली तुलना थांबत नाही. त्यात सासरची किंवा शेजारची बोलणी तिलाच बसतात: ती मुलाशी बोलत नाही, कामावर जाते, मोबाईल हातात देते. वस्तुस्थिती निराळी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील दोन वर्षांच्या १,७६६ मुलांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३.४ टक्के मुले उशिरा बोलणारी आढळली. मुलगा असणे, घराण्यात कोणी उशिरा बोललेले असणे आणि जन्माच्या वेळची व तान्हेपणीची शारीरिक वाढ यांच्याशी त्याचा संबंध दिसला. आईवडिलांचे शिक्षण, घरची मिळकत किंवा मुलाला वाढवण्याची रीत यांच्याशी दिसला नाही. आईला दोष देण्याला आधार नाही, ही गोष्ट घराघरांत पोचणे फार गरजेचे आहे.

‘कायले घाबरून राहिली वं? याचा बाप बी उशिरानंच बोलला’, हा दिलासा या भागात नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, कारण उशिरा बोलणे घराण्यात चालत येते आणि मुलग्यांत अधिक आढळते. पण ज्या मुलाला ऐकूच कमी येते त्याच्या घरीही हाच दिलासा दिला जातो, आणि तेथे तो महागात पडतो. वेखंड उगाळून चाटवणे, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालणे, नवस बोलणे असे उपाय महाराष्ट्रात सर्वत्र केले जातात. त्यांनी वाचा फुटल्याचा पुरावा नाही. एक वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवणे तर धोक्याचे असते. ‘जीभ जड आहे’ म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाईही होते. आखूड पडद्यामुळे दूध ओढायला किंवा काही वर्ण उच्चारायला अडचण येऊ शकते. शब्दच न फुटण्याचे ते कारण नसते.

कारणे : सर्वांत आधी पाहायचे ते ऐकणे. जन्मजात बहिरेपणा, जन्मानंतरची तीव्र कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म, मेंदुज्वर ही ऐकू कमी येण्याची महत्त्वाची कारणे होत. जवळच्या नात्यातील लग्नामुळे आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते, आणि आते-मामे भावंडांतील लग्नाची रूढी महाराष्ट्रात जुनी आहे. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचले, तरी ऐकणे मंदावते. असे मूल कधी ऐकते, कधी ऐकत नाही आणि हट्टी समजले जाते. वाहत्या कानात तेल घालू नये, तो डॉक्टरांना दाखवावा.

ज्या मुलाला ऐकू येते, पण नावाने हाक मारल्यावर ते पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, नजरेला नजर देत नाही, त्याची स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करतात. चालणे, बसणे, समजणे हेही मागे असेल, तर एकूण विकासाचा प्रश्न असतो. जन्मजात थायरॉइडची कमतरता हे त्याचे वेळीच ओळखल्यास टाळता येणारे कारण आहे.

मोबाईल किंवा दूरचित्रवाणीमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. पडद्यापुढे गेलेला वेळ मात्र बोलण्याचालण्यातून वजा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या आतील मुलांसाठी पडदा पूर्ण वर्ज्य व दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला एका तासाची मर्यादा सांगितली; भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच म्हणते.

अनेक भाषांची घरे : जिल्ह्यात वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीबरोबर हिंदी सर्रास बोलली जाते; कोलाम वस्त्यांत कोलामी व गोंड कुटुंबांत गोंडी आढळते. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला कोलामीचा अभ्यास वर्ध्याकडील बोलीवरच आधारलेला आहे. घरात एक आणि अंगणवाडीत दुसरी भाषा असल्याने मूल उशिरा बोलते, ही समजूत चुकीची आहे. अशा मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरावे लागतात. घरची बोली सोडून केवळ प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत बोला, असा सल्ला मुलाच्या हिताचा नसतो. ज्या भाषेत आजी मोकळेपणाने रागावते आणि लाड करते, त्याच भाषेत मुलाला सर्वांत जास्त शब्द मिळतात.

तपासणी : घरी पाठीमागून वाटी-चमचा वाजवून पाहण्याची पद्धत पुरेशी नाही. धातूचा मोठा आवाज किंवा दाराचा धक्का काही बहिऱ्या मुलांनाही जाणवतो, आणि त्यांना बोलण्यातले बारीक ध्वनी मात्र ऐकू येत नाहीत. ओएई चाचणीत मुलाच्या कानात छोटी बोंडी बसवून अंतर्कर्णाचा प्रतिसाद काही मिनिटांत नोंदवतात. बेरा चाचणीत झोपलेल्या मुलाच्या कपाळाला व कानामागे तारा लावून आवाज मेंदूकडे पोचतो का, हे पाहतात. दोन्हींत दुखत नाही आणि मुलाने उत्तर देण्याची गरज नसते, त्यामुळे त्या तान्ह्या मुलांवरही करता येतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हे जगभर मान्य झालेले उद्दिष्ट आहे. भाषेच्या वाढीसाठी केरळमध्ये तयार झालेली त्रिवेंद्रम भाषा मूल्यमापन पट्टी भारतात वापरली जाते.

जिल्ह्यातील सेवा : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातील सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांसाठी शून्य ते अठरा वर्षांची मुले तपासणे हे त्याचे काम. दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीला वर्षातून दोनदा व शाळेला एकदा भेट देते आणि पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक येते त्या दिवशी मूल शेतावर किंवा मामाच्या गावी असेल, तर सहा महिने जातात. म्हणून भेटीची तारीख सेविकेकडून आधीच विचारून ठेवावी. विशेषतः कापूस वेचणीच्या हंगामात, जेव्हा आई पहाटेच वावरात जाते.

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिच्याशी जोडलेले कस्तुरबा रुग्णालय मुळात स्त्रिया व मुलांसाठी उभे राहिले. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. बालरोग व कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग असलेली ही दोन शिक्षण रुग्णालये वर्धा शहराच्या अगदी जवळ असणे, हे जिल्ह्याचे भाग्यच आहे. अडचण पुढे येते: वाचा उपचार एका भेटीत संपत नाहीत. आष्टी किंवा समुद्रपूरकडील कुटुंबाला दर आठवड्याला मजुरी बुडवून एसटीने येणे परवडत नाही आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर उपचार सुटतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत घरी करायच्या गोष्टी पालकांच्या हाताने करवून घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

सेवाग्रामची संस्था, युनिसेफ व राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या ‘आरंभ’ या उपक्रमात अंगणवाडी सेविकांना पहिल्या तीन वर्षांतील मेंदूविकासाचे प्रशिक्षण दिले जाते. गावातच पालक मेळावे भरवून आई, वडील व आजी-आजोबा यांना मुलाशी खेळणे-बोलणे प्रत्यक्ष दाखवले जाते. यामागची पार्श्वभूमी जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या परिषदेतून गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची दिशा ठरली. जानेवारी १९४५ मधील सेवाग्राम परिषदेत शिक्षणाची कक्षा आयुष्यभरापर्यंत वाढवण्यात आली आणि सात वर्षांखालील मुलांसाठी पूर्वबुनियादी शिक्षण हा स्वतंत्र टप्पा झाला. तेथे शांता नारुलकर यांनी या टप्प्याचे काम केले.

घरी करायच्या गोष्टी : मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. ते ज्या वस्तूकडे पाहते तिचेच नाव घ्यावे आणि मग थांबावे, मनात पाच अंक मोजावेत. चेंडू आपल्या हातात धरून ‘चेंडू’ म्हणावे, मुलाकडे पाहावे; त्याने आवाज काढला, हात पुढे केला, तरी ते उत्तर मानून चेंडू द्यावा. मूल ‘भू’ म्हणाले तर ‘हो, भू भू आला’ म्हणून त्याचा शब्द एका पावलाने वाढवावा. ‘हे काय? बोल बघ. बोल ना!’ अशी परीक्षा घेऊ नये. तिने मूल अधिकच गप्प होते. आंघोळ, जेवण, शेंगा सोलणे, अंगणातल्या कोंबड्या हेच विषय पुरतात. बडबडगीते म्हणताना शेवटचा शब्द मुलासाठी सोडावा.

पुढील वाटचाल : इतर कोणताही दोष नसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. उरलेल्यांना भाषेची अडचण पुढेही राहते आणि ती वाचन-लेखनात दिसते, म्हणून शब्द आल्यावरही पहिलीपर्यंत लक्ष ठेवावे. बहिरेपणा लवकर ओळखल्यास श्रवणयंत्र मिळते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या जन्मतः बहिऱ्या मुलांना कर्णावर्त रोपणासाठी साहाय्य आहे. स्वमग्न मुलांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आधार मिळतो व त्यात उपचारभेटींचा खर्चही येतो. केवळ उशिरा बोलणाऱ्या मुलाला दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही आणि तपासणी करून घेतल्याने त्याच्यावर कसलाही शिक्का बसत नाही.

वर्षभराच्या वयातही अक्षरांची माळ किंवा हातवारे नसणे, दीड वर्षाला एकही शब्द नसणे, दोन वर्षांना शब्दजोड नसणे, हाकेला वळून न पाहणे, आणि आलेले शब्द जाणे: यांपैकी एकही गोष्ट दिसल्यास पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात कानांची तपासणी ठरवावी. आलेले शब्द गेले असतील, तर कोणत्याही वयात डॉक्टरांकडे लगेच न्यावे. तपासणीत काही निघाले नाही, तर घरच्यांचा दिलासा खरा ठरतो. काही निघाले, तर उपचाराला वेळ हाताशी असतो.