धमनीच्या भिंतीतील बालपण

जन्मपत्रिकेत जन्मवेळ मिनिटापर्यंत अचूक असते. वजनाला तिथे जागा नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात मात्र १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या अनेक बाळांच्या वजनाची नोंद राहिली. हृदयविकाराच्या अभ्यासात पुढे तीच मोलाची ठरली.

याची पार्श्वभूमी इंग्लंडमधील आहे. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ नंतर जन्मलेल्या मुलांची वजने वह्यांत लिहिलेली होती. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली त्या वह्या मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आढळले. हा इतिहास मात्र उलटा, मृत्यूकडून जन्माकडे वाचलेला होता.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जन्माकडून पुढे वाचायला घेतला. आठव्या वर्षी ४७७ मुलांच्या रक्तातील साखर आणि इन्सुलिन मोजले गेले. जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी वजनदार झालेली मुले सर्वाधिक जोखमीची दिसली. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

एकविसाव्या वर्षी ३५७ जण पुन्हा तपासणीला आले. आता प्रश्न बिकट होता. हृदयाच्या धमन्या पाहण्यासाठी धडधाकट तरुणांच्या शरीरात नळी कोण घालणार? म्हणून मानेतील कॅरोटिड धमनी निवडली गेली. धमन्या कठीण व जाड होण्याचा विकार एकाच जागी थांबत नाही. त्यामुळे त्वचेलगतची ही धमनी हृदयाच्या धमन्यांविषयीही काही सांगते. तिच्या आतल्या दोन थरांची जाडी सोनोग्राफीने मोजण्याची पद्धत मिलानच्या पाओलो पिन्योली यांनी १९८६ साली मांडली होती. ही जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजतात. जोडीला नाडीच्या लहरीचा वेग मोजला गेला. धमनी जितकी ताठर, तितकी लहर वेगाने धावते.

चीर न देता धमनी वाचण्याची धडपड त्याहून जुनी आहे. १८७० च्या दशकात लंडनच्या गाइज रुग्णालयात फ्रेडरिक अकबर महोमेद मनगटावरील नाडीचा आलेख कागदावर उमटवीत असे. वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही त्याला वाढलेला रक्तदाब आढळला. हा पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या साके दीन महोमेदचा नातू. वैद्यकाच्या इतिहासात त्याचे नाव अजूनही फारसे घेतले जात नाही, हे खटकते.

पुण्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आठव्या वर्षी ज्यांची उपाशीपोटीची साखर व इन्सुलिन अधिक होते, त्यांच्या धमनीची भिंत एकविसाव्या वर्षी अधिक जाड होती. लहानपणच्या लठ्ठपणाचा परिणाम वजा केल्यावरही हा संबंध टिकला. लहरीचा वेग मात्र मधल्या तेरा वर्षांत साखर-इन्सुलिन किती वाढले, त्याच्याशी जोडलेला निघाला.

हे संबंध सौम्य होते आणि ते समूहाविषयी बोलतात. एकट्या माणसाचे भाकीत त्यातून करू जाणे धाडसाचे ठरेल. अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही धमनीची जाडी नेहमीच्या तपासणीत मोजू नये असेच सांगितले होते. शिवाय पुण्याच्या दप्तरात एक पोकळी आहे. ४७७ पैकी १२० जणांची आठव्या वर्षाची नोंद आहे, एकविसाव्या वर्षाची नाही.