बर्फावरच्या निळ्या सावल्या

पॅरिसच्या 'सालों' या सरकारमान्य प्रदर्शनाच्या परीक्षकांनी १८६९ साली एक निसर्गचित्र नाकारले. चित्रकार क्लोद मोने तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. चित्राचे नाव 'ला पी', म्हणजे मॅगपाय पक्षी. (आपल्या दयाळाला इंग्रजीत मॅगपाय रॉबिन म्हणतात, तो हा नव्हे. हा कावळ्याच्या कुळातला.)

नॉर्मंडीतल्या एत्रता गावाजवळचा हिवाळा. बर्फाने झाकलेले शेत, झाडे, मागे घराचे छप्पर, आडवे कुंपण आणि डावीकडे फाटकाच्या वरच्या दांडीवर बसलेला एकटा पक्षी. माणूस कुठेच नाही. चित्र १३० सेंटिमीटर रुंद, पक्षी त्यात एवढासा. तरी नजर फिरून त्याच्याकडेच येते. हा एकांत मला उदास मात्र वाटत नाही, कारण उजेड भरपूर आहे.

सूर्य कुंपणाच्या पलीकडे असल्याने सावल्या आपल्या दिशेने पडल्या आहेत आणि त्या निळसर-जांभळ्या आहेत. सावली तपकिरी किंवा करडी पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हे खटकणारच. आपणही शाळेत सावली काळ्यानेच रंगवली ना?

पण मोनेचे निरीक्षण बिनचूक होते. सावलीत थेट सूर्यप्रकाश पोचत नाही, आकाशाचा निळा प्रकाश मात्र पोचतो. बर्फ पांढरा, म्हणून जो प्रकाश पडेल तोच परत पाठवतो. शिवाय शेजारचे रंग एकमेकांना उठाव देतात, हे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच दाखवून दिले होते. उन्हातला बर्फ पिवळसर, म्हणून सावली अधिकच निळी भासते. आकाश निळे का, याचे गणिती स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी मांडले ते १८७१ साली, म्हणजे चित्र नाकारल्यानंतर दोन वर्षांनी!

बर्फ नसला तरी वर्गात हे पाहता येते. संध्याकाळी खिडकीजवळ पांढरा कागद ठेवा, दुसऱ्या बाजूला मेणबत्ती लावा आणि मध्ये पेन्सिल उभी धरा. दोन सावल्या पडतील. मेणबत्तीमुळे पडलेल्या सावलीत फक्त खिडकीतला उजेड असतो. ती निळसर दिसते. दुसरी पिवळसर. कोणती सावली कशामुळे पडली, हे सांगण्याआधी मुलांना दोन्ही रंगवू द्या.

चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.