नांदूरच्या गाळात उतरलेले पाहुणे

दिवाळीचा फराळ संपत येतो, कांद्याची रोपं वाफ्यात वाढत असतात, आणि तेव्हाच आपल्या निफाड तालुक्यात लांबचे पाहुणे उतरतात. नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर लडाख-तिबेटकडचे चक्रवाक येतात, उत्तरेकडून थापट्या आणि तलवार बदकं येतात. गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बाया पहाटेच चापडगावला गेल्या होत्या. परत येताना प्रश्न पडला, ही पाखरं इथंच का येतात?

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. पोटासाठी बायामाणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. त्यानंतर सरकारला पाटबंधाऱ्यांची निकड पटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात, तिथं बंधारा झाला. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी पाणी कोपरगाव, राहात्यापर्यंत गेलं आणि माळरानावर ऊस उभा राहिला. तेव्हा पाखरांचा विचार कुणीच केला नव्हता.

पण नदी पाण्याबरोबर माती आणते. बंधाऱ्यात पाणी थांबलं, माती खाली बसली. वर्षानुवर्षं गाळ साठला, साठवण कमी झाली. हिशेबाच्या वहीत हा तोटाच. पण त्याच गाळानं पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, मासे-किडे झाले. बदकाची चोच तळाला पोचू लागली, लांब पायांच्या पाखरांना उभं राहता आलं. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. राजस्थानातलं ते भरतपूरही माणसानंच बांध घालून केलेलं, बरं का! १९८६ मध्ये इथं अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतलं नाव जाहीर झालं. असा मान मिळालेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा.

आता खरी गोष्ट. आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "पाहुणे कौतुकाचे, पण क्रौंचांचा थवा हरभऱ्यात उतरला तर माझं काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या शेताला पाणथळ लागून आहे, त्यांनीच तोटा सोसायचा आणि कौतुक शहरानं करायचं, हे बरोबर नाही. पण दुसरी बाजूही बघा. आपल्या द्राक्ष-कांद्याच्या फवारणीचं पाणी ओढ्यानं शेवटी तिथंच जातं. आणि तेच पाणी खालच्या गावांकडं वाहत जातं. पाखरं घटली, तर ते पाणी बिघडल्याचं पहिलं लक्षण समजावं.

म्हणून आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या. फवारणीचे डबे ओढ्यात धुवायचे नाहीत. आणि गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारायचं, "लहानपणी इथं काय दिसायचं?" ते वहीत लिहून ठेवायचं. बंधाऱ्याचा इतिहास सरकारी कागदात आहे. खडी फोडणाऱ्या हातांचा आणि पाखरांचा मात्र आपल्यालाच लिहावा लागेल.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. तुम्हीही एक सकाळ काढा, सासूबाईंना आणि लेकीला सोबत घ्या. मोठ्यानं बोलू नका, भडक साडी नेसू नका, एवढंच.