पेन-कातकाम, दोन सेंटरांमधले

लाकडाच्या लेथवर पेनचे अंग कातण्याची एक पद्धत. हिच्यात लाकूड मँड्रेल नावाच्या बारीक दांड्यावर ओवत नाहीत. लेथचे फिरवणारे टोक म्हणजे हेडस्टॉक आणि आधार देणारे टोक म्हणजे टेलस्टॉक, यांच्या टोकदार सेंटरांमध्येच धरून फिरवतात.

भारतात कातीव पेनाचे नाव झाले ते एबोनाइटमुळे, म्हणजे कडक रबरामुळे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींना आपले पेन पाठवले. १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी ते विदेशी पेनांना चांगला पर्याय असल्याची पावती दिली. एबोनाइटला आटे थेट पाडता येतात. लाकडी पेनात मात्र बहुधा आत पितळी नळी बसवून तयार सुटे भाग दाबून घालतात.

मँड्रेल सोयीचा, पण लबाड. नट जास्त आवळला किंवा टेलस्टॉकचा दाब वाढला की तो किंचित वाकतो आणि जॉब, म्हणजे कातायचे लाकूड, मध्यापासून सरकतो. पेन जोडल्यावर एका बाजूला लाकूड धातूशी सपाट लागते, दुसऱ्या बाजूला नखाला पायरी जाणवते. दोन सेंटरांत वाकायला दांडाच नसतो. नळीच्या दोन्ही टोकांना पोलादी बुश (पेनच्या जाडीचे माप दाखवणाऱ्या कड्या) बसतात आणि त्यांच्या तोंडच्या खोलगट शंकूत ६० अंशांची सेंटर टेकतात. पेनचा प्रत्येक भाग वेगळा कातावा लागतो; वेळ जास्त जातो, एवढाच तोटा. जॉब केवळ घर्षणाने फिरत असल्याने काप हलका घ्यावा. पटाशी अडकली तर जॉब जागीच थांबतो, आणि नवशिक्याला ते बरेच.

खरी मेहनत लेथच्या आधीची. बारीक पेनासाठी ७ मिमीचे भोक पाडून नळी चिकटवायची आणि ठोकळीची टोके नळीशी काटकोनात तासायची. टोक तिरके राहिले तर बुश तिरका बसतो, मग सेंटर कितीही अचूक असोत.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या कारागिराला लाकूड दूर शोधावे लागत नाही. शेताच्या बांधावरची बाभूळ, जिच्यापासून नांगर आणि गाडीची चाके झाली, तिचा तांबूस गाभा जड आणि घट्ट असतो. पॉलिश छान घेतो. ओली बाभूळ मात्र वाळताना फाटते. ठोकळ्या पाडून, टोकांना मेण लावून सावलीत ठेवाव्यात. जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरी भागात सागही आहे, पण अभयारण्यातल्या लाकडाला हात लावायचा नाही.

कातताना लाकूड बुशाच्या मापापेक्षा केसभर जाड ठेवून मग पॉलिश पेपर मारतात. हळदूसारख्या फिक्या लाकडावर बुशाची घासलेली पोलादी भुकटी काळपट डाग पाडते. चमकेसाठी सायनोअॅक्रिलेट गोंदाचे थर द्यायचे असतील तर पोलादी बुश काढून, गोंद न धरणाऱ्या प्लॅस्टिकचे शंकू लावतात.