भजी : पाण्याच्या हिशेबाने

भजी तेलात तळतात, म्हणून चर्चाही तेलाचीच होते: कुठलं, किती, कितव्यांदा वापरलेलं. प्रत्यक्षात भजं कुरकुरीत राहणार की मऊ पडणार, हलकं लागणार की तेलकट, हे त्यातलं पाणी ठरवतं. पाणी कुठे आहे, ते कशाने धरून ठेवलंय आणि केव्हा बाहेर पडतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

पहिलं पाणी भाजीतलं. कांद्यात ते वजनाच्या सुमारे 89 टक्के, पालकात 91, बटाट्यात 79 टक्क्यांच्या आसपास. बटाट्याच्या काचऱ्या फारसं पाणी सोडत नाहीत, म्हणून त्यांना वरून सरबरीत पीठ लागतं. कांद्याला मात्र मीठ लागायचा अवकाश. पाव किलो कांदा उभा पातळ चिरून, पाकळ्या मोकळ्या करून चमचाभर मीठ चोळलं की पंधरा मिनिटांत परातीत पाणी दिसू लागतं. खेकडा भज्यांना तेवढं पुरतं. त्यात मावेल इतकंच, साधारण वाटीभर डाळीचं पीठ, दोन चमचे तांदळाची पिठी, तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि कोथिंबीर. वरून पाणी घालू नये. कांदा पुढेही पाणी सोडतच राहतो. पीठ सैल होतं, मग ते आवरायला आणखी बेसन पडतं. गाडीवरच्या पिठूळ भज्यांचं मूळ बहुधा इथेच असतं.

चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन पिठाच्या कणांवर पातळ थर धरतं आणि भजं खुसखुशीत होतं. सोडा तापल्यावर वायू सोडतो, पीठ फुलवतो, रंगही लवकर आणतो. तो जास्त झाला की जाळी वाढते आणि त्या जाळीत तेल शिरतं. खेकडा भज्यांत मला तो अनावश्यकच वाटतो.

आता कढई. 170 ते 180 अंशांच्या तेलात भजं पडलं की पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होते. दिसतात ते बुडबुडे तिचेच. ही वाफ जोराने बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. तेल आत जातं ते मुख्यतः भजं बाहेर काढल्यावर: ते निवू लागतं, आतला वाफेचा दाब उतरतो आणि सालीवरचं तेल ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर भजी चांगली निथळणं हा शिष्टाचार नव्हे, कृतीचा भाग आहे. कागदावर ढीग केला की खालची भजी स्वतःच्याच वाफेत भिजतात. चाळणीत पसरलेली टिकतात. आणि वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागू नये, हे निराळंच कारण.

उल्हासनगरशेजारच्या पालेगावात पावसाळ्यात हवाच इतकी दमट की साल आतून वाफेने आणि बाहेरून हवेने मऊ पडते. यावरचा उत्तम उपाय उल्हासनगरातच आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वसाहत; 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी पत्त्यात ‘कॅम्प’ अजून टिकून आहे. सिंधी पकोडा दोनदा तळतात. आधी बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर यांचे मोठे गोळे मध्यम आचेवर अर्धेकच्चे तळायचे, निवले की हाताने तोडायचे आणि ऐन वेळी तुकडे जास्त आचेवर पुन्हा सोडायचे. मधल्या विश्रांतीत गाभ्यातलं पाणी सालीकडे सरकतं आणि दुसऱ्या तळणीत उडून जातं. शिवाय तोडल्यामुळे ओबडधोबड कडा वाढतात, म्हणजे कुरकुरीत भाग वाढतो. आपल्या खेकडा भज्यांच्या विस्कटलेल्या पाकळ्या हेच काम एका तळणीत करतात; मात्र पाहुणे उशिरा येणार असतील तर सिंधी रीत सरस.

सोबतच्या दह्यालाही हाच हिशेब लागू आहे. पातळ दही भज्याला लगेच भिजवतं. ते फडक्यात तासभर टांगावं. श्रीखंडाइतका घट्ट चक्का नको, भज्याला धरून राहील इतपत पुरे. त्यात वाटलेला पुदिना, हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर साखर. दह्यातलं केसीन हे प्रथिन मिरचीचा तिखट अंश बांधून घेतं, त्यामुळे जीभ शांत होते. पाणी पिऊन तसं होत नाही. आंबटपणा तेलकट चव कापतो. मीठ आणि काळं मीठ मात्र वाढताना घालावं, कारण आधी घातल्यास दही पुन्हा पाणी सोडतं.