एका नाटक मंडळीतून फुटलेल्या तीन वाटा

गणेशोत्सवातील नाटक हा आपल्या मंडळाचा आरंभापासूनचा नेम आहे. दिवसभर कचेरीत किंवा बँकेत राबून रात्री तालमीस येणारी आपली माणसे आणि पडद्याआडून ऐकू येणारी पहिली घंटा यांवाचून आपल्यापैकी कोणासही येथील वर्षे आठवता येणार नाहीत. या रंगमंचावर लहानाची मोठी झालेली काही मुले आता चित्रपटाच्या व्यवसायात शिरू पाहतात आणि त्यांचे आईवडील काळजीच्या सुरात आम्हांस विचारतात, ‘‘ही वाट नेते तरी कोठे?’’ सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्ही यावर अधिकारवाणीने काय सांगावे? परंतु मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे आम्हांस वाटते.

1913 साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या मूकपटात तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. इकडे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी अवघा महाराष्ट्र वेडा झाला होता. हे हलते मुके चित्र या वैभवास कधी आव्हान देईल, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

पुढे लवकरच टेंब्यांच्या ओळखीने कोल्हापूरचा एक मुलगा या मंडळीत आला. शांताराम वणकुद्रे हे त्याचे नाव. बारीकसारीक कामे करून तो थोड्याच काळात परतला, हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात लागला, तेथील चित्रपटगृहातही राबला आणि अखेर कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला. बाबूराव हे स्वतः नाटकांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाकडे वळलेले कलावंत होते. त्यांच्या हाताखाली शांतारामाने पडेल ते काम केले. 1921 च्या ‘सुरेखाहरण’मध्ये त्याने भूमिका केली आणि त्याचबरोबर चित्रपटाची सर्व अंगे तो शिकला. 1929 साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्याने ‘प्रभात’ उभारली. नाटक मंडळीतील हा हरकाम्या मुलगा आता व्ही. शांताराम झाला होता.

1932 साली ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते गोविंदराव टेंबे आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. टेंबे मुळात संगीतकार. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणाऱ्या त्या हाताला बोलपटाने नवे काम दिले. रंगभूमीची विद्या पडद्यावर चालू शकते, हे येथे दिसले.

बालगंधर्वांचे तसे झाले नाही. बोलपट आले आणि नाटकांचे प्रेक्षक ओसरले, मंडळी कर्जात बुडाली. अशा अवस्थेत त्यांनी ‘प्रभात’शी करार केला आणि 1935 साली ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शक होते शांताराम. ज्याच्या मंडळीत तो मुलगा वीस वर्षांपूर्वी उमेदवारी करीत होता, तोच मालक आता त्याच्या सूचनेप्रमाणे कॅमेऱ्यासमोर उभा राहिला! या प्रसंगाचा विचार करताना आमचे मन भरून येते. त्यात कोणाचाही दोष नव्हता. ‘वन्स मोअर’च्या प्रत्येक हाकेसरशी पद नव्याने फुलविणाऱ्या गायकास चित्रपटाचे मोजके क्षण अपुरे पडले असावेत. शिवाय ज्या स्त्रीरूपावर रसिक लुब्ध होते ते येथे नव्हते. या एका चित्रपटानंतर तो करार संपला. 1937 साली ते ‘साध्वी मीराबाई’मध्ये पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर आले, परंतु त्यांचे घर रंगभूमीच राहिले.

याच काळातील केशवराव दाते यांचे उदाहरण ताडून पाहावे. महाराष्ट्र नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करून ते पुढे आले. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये नव्या वास्तव अभिनयाचा त्यांनी अंगीकार केला आणि 1937 साली ‘कुंकू’मध्ये तरुण मुलीशी विवाह करणारा वयस्क वकील उभा केला. त्या चित्रपटास पार्श्वसंगीताचा आधार नाही, सारा भार शब्दांवर आणि नजरेवर. दात्यांनी तो लीलया पेलला, कारण आवाज कोठे चढवावा आणि कोठे गिळावा, हे त्यांना ठाऊक होते.

पुढील पिढीत ही वाट दुहेरी झाली. डॉ. श्रीराम लागू यांनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, 1969 साली, शस्त्रवैद्याचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. 1970 साली ‘नटसम्राट’, 1972 साली शांतारामांचाच ‘पिंजरा’. एका पायाने रंगमंचावर आणि दुसऱ्याने पडद्यावर ते दीर्घकाळ उभे राहिले.

आपण बदलीची माणसे. एका गावचा मानमरातब दुसऱ्या गावी चालत नाही, नव्या कचेरीत पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. शिकलेले काम मात्र सामानाबरोबर येते. नटाचेही तसेच आहे. कीर्ती रंगमंचावर राहते, विद्या बरोबर येते. म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलांना अडवू नये. आपल्या मंडळाच्या रंगमंचावर पडदा ओढण्यापासून सारे शिकून मग जा, एवढेच सांगावे.

आणि कोणी परत आला, तर त्यास हरलेला म्हणू नये. पुण्यात ‘प्रभात’च्या वास्तूत 1960 साली चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली आणि 1968 साली त्याच शहरात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. पडद्यावर न रमलेल्या नटाचे नाव रंगभूमीने आपल्या दारावर कोरले आहे.